प्लंबर होणं परवडतं का?

मंडळी, लिंबायत-उधन्याच्या आपल्या खानदेशी घरांतून हा प्रश्न हल्ली फार येतो. हिऱ्यात मंदी, लूमचा भरवसा नाही. 2008 सालीही हेच झालं होतं.

जन्मभर बँकेत आकडेमोड केली, तेव्हा हिशेबच मांडतो. आयटीआयचा प्लंबर कोर्स 1 वर्षाचा. फी किरकोळ, खरा खर्च बुडालेल्या पगाराचा. समजा आज महिना 20,000 मिळतात, तर वर्षाचे 2,40,000 गेले. पुढे 25,000 मिळाले तरी ते भरून निघायला 4 वर्षं. पंचविशीतल्या पोराला सौदा चांगला. पंचेचाळिशीतल्याने मात्र पगार सोडून वर्गात बसू नये. एखाद्या चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली रोजावर शिकावं.

'प्लंबरला मुलगी कोण देणार' म्हणणाऱ्या नातलगांनी आपला नळ गळाला तेव्हा किती मोजले, ते आठवावं!

कमाई वाढते ती स्वतःची गिऱ्हाइकं जोडल्यावर. पण पैसे रोखीत आले की घरकर्जाच्या वेळी बँक विचारते, उत्पन्नाचा पुरावा कुठंय? म्हणून पैसे खात्यातच घ्यावेत, रिटर्न भरावं. अवजारांसाठी मुद्राच्या शिशु गटात 50,000 पर्यंत कर्ज आहे, तारण लागत नाही.