आकाशाचे गायरान

कला शाखेच्या विद्यार्थ्याने आकाशाकडे पाहावे ते चंद्रासाठी किंवा पावसासाठी. ताऱ्यांचा आणि उपग्रहांचा हिशेब विज्ञानवाल्यांनी ठेवावा, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ही समजूत सोयीची असली तरी बरोबर नाही, आणि आजच्या काळात ती धोक्याची आहे, असे मला वाटते. रात्रीच्या आकाशातला कृत्रिम उपग्रह नुसत्या डोळ्यांनी ओळखायला दहा मिनिटांत शिकता येते. त्यासाठी दुर्बीण लागत नाही, गणित लागत नाही. पैसा तर नाहीच नाही. तरीही आपल्यातील कितीजणांनी एक तरी उपग्रह जाणूनबुजून पाहिला आहे? उत्तर ज्याने त्याने मनाशीच द्यावे.

उपग्रह दिसतो कसा, हे आधी सांगतो. सूर्य मावळला की जमिनीवर अंधार पडतो, पण चारशे-पाचशे किलोमीटर उंचीवर अजून ऊन असते. डोंगराच्या पायथ्याशी सांज झाली तरी शिखरावर उन्हे रेंगाळतात, तसलाच हा प्रकार. त्या उन्हात चमकणारा उपग्रह आपल्याला एखाद्या चालत्या चांदणीसारखा दिसतो. म्हणून सूर्यास्तानंतरचा आणि सूर्योदयापूर्वीचा तास-दीड तास ही त्याची खरी वेळ. विमानाचे दिवे लाल-हिरवे असतात आणि लुकलुकतात. उल्का डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विझते. उपग्रह मात्र आवाज न करता, संथपणे, एका चालीने जातो. पुष्कळदा तो आकाशाच्या मध्यावरच हळूहळू लालसर होऊन नाहीसा होतो. पृथ्वीची सावली म्हणजे काय, हे पुस्तकात वाचलेले असते. ती सावली कोठे सुरू होते, ते त्या क्षणी डोळ्यांना दिसते. एखादा ठिपका ठरावीक अंतराने उजळत-मावळत जात असेल, तर तो बहुधा वापरून झालेल्या अग्निबाणाचा, कोलांट्या खात फिरणारा सांगाडा असतो.

या सर्वांत ठळक आहे ते आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक. सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून ते ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने फिरते. मुंबई ते नागपूर हे सरळ रेषेतले सुमारे सातशे किलोमीटरचे अंतर ते दीड मिनिटात तोडते आणि चांगल्या फेरीत शुक्राच्या तोडीचे तेज दाखवते. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला त्या स्थानकात होते. तेथे गेलेले ते पहिले भारतीय. १९९० मध्ये सोडलेली हबल दुर्बीणही आपल्या आकाशातून जाते. तिची कक्षा विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंशांचा कोन करते, त्यामुळे नॉर्वे-स्वीडनच्या लोकांना ती कधीच दिसत नाही. महाराष्ट्रात मात्र ती अगदी डोक्यावरूनही जाते. घरबसल्या मिळालेल्या या भाग्याचा आपल्याला पत्ताच नसावा, याला काय म्हणावे?

जो पाहतो त्याला कळते. जो पाहत नाही तो दुसरा सांगेल त्यावर विश्वास ठेवतो, नाहीतर घाबरतो. अवकाशयुगाचा इतिहास या विधानाची साक्ष देईल. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने पहिला स्पुटनिक सोडला आणि जगभर लोक अंगणात येऊन त्याला पाहू लागले. वस्तुतः ५८ सेंटिमीटर व्यासाचा तो गोळा नुसत्या डोळ्यांना जेमतेमच दिसण्याजोगा होता. बहुतेकांनी पाहिला तो त्याच्या मागोमाग फिरणारा अग्निबाणाचा मोठा टप्पा! त्याच सुमारास अमेरिकेत फ्रेड व्हिपल या खगोलशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने ‘मूनवॉच’ नावाची योजना सुरू झालेली होती. तीत हौशी स्त्री-पुरुष आणि विद्यार्थी लहान दुर्बिणी घेऊन रात्री पहारा देत. मोठे खास कॅमेरे ठिकठिकाणी उभे राहण्याआधी उपग्रहांच्या पहिल्या उपयुक्त नोंदी या सामान्य माणसांनी पुरवल्या.

उलट उदाहरणही आहे. १९७९ च्या जुलैत ‘स्कायलॅब’ हे अमेरिकेचे अवकाशस्थानक कोसळणार अशी बातमी आली आणि आपल्या देशात खेडोपाडी भीतीने थैमान घातले. ते पडले हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. पण प्रत्येक वेळी संकट इतक्या दूर राहीलच असे नाही. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशात जळती रेघ दिसली. कोणी म्हणाले उल्का, कोणी म्हणाले विमान. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ धातूचे एक मोठे कडे येऊन पडले, आसपास धातूचे गोळेही सापडले. ते चिनी अग्निबाणाच्या एका टप्प्याचे अवशेष असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पण वर जे फिरते आहे त्याचा आपल्याशी काही संबंध नाही, असे लाडबोरीच्या माणसाला यापुढे कोणी सांगू शकणार नाही.

आता मुख्य मुद्दा. आकाश हे साऱ्या गावाचे गायरान आहे. ते कोणा एकाचे नसते, म्हणूनच ते सर्वांचे असते. गायरानावर अतिक्रमण कसे होते, हे खेड्यातून आलेल्या आपल्या मित्रांना सांगायला नको. आज कोपऱ्यात एक टपरी, उद्या तिला कुंपण, परवा पक्की इमारत. आणि गाव जागे होते तेव्हा गुरांना जायला वाट उरलेली नसते. २०१९ च्या आरंभी पृथ्वीभोवती चालू स्थितीतले उपग्रह सुमारे दोन हजार होते. त्याच वर्षी मे महिन्यात ‘स्पेसएक्स’ या अमेरिकन कंपनीने आपल्या ‘स्टारलिंक’चे साठ उपग्रह एकदम सोडले. आज चालू उपग्रहांचा आकडा दहा हजारांच्या पलीकडे गेला आहे आणि त्यांतील बहुसंख्य या एकाच कंपनीचे आहेत. नव्याने सोडलेल्या उपग्रहांची दिव्यांच्या माळेसारखी रांग आपल्याकडेही अनेकांनी पाहिली आणि उडत्या तबकड्यांच्या गप्पा रंगल्या. ही माळ आकाशात कोणी ओवली, कोणाला विचारून ओवली, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

१९६७ च्या आंतरराष्ट्रीय अवकाश करारानुसार कोणत्याही राष्ट्राला अवकाशावर मालकी सांगता येत नाही. पण एखाद्या उपग्रहाने किती चमकावे, याविषयी त्यात एक अक्षर नाही. आकाशाचे विस्तीर्ण पट्टे टिपणाऱ्या चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेसारख्या प्रकल्पांच्या छायाचित्रांवर उपग्रहांचे ओरखडे उमटतात. आंतरराष्ट्रीय खगोल संघाला २०२२ मध्ये या प्रश्नासाठी एक स्वतंत्र केंद्र उघडावे लागले. उपग्रहांना काळा रंग देणे, त्यांवर सावलीसाठी झडपा बसवणे असे प्रयोग त्या कंपनीने केले, हे मान्य करायला हवे. पण ते स्वखुशीने केले; आणि सार्वजनिक हक्क कोणाच्या स्वखुशीवर सोडून देता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, उपग्रहांमुळे चक्रीवादळाची सूचना मिळते, दुर्गम पाड्यावर संदेश पोहोचतो. तुम्ही काय पुन्हा बैलगाडीत बसणार? नाही. उपग्रह नकोत असे माझे म्हणणे नाही. आणि आपला देश या कामात नुसता प्रेक्षकही नाही: २०२२ आणि २०२३ मध्ये आपल्याच अग्निबाणांनी ‘वनवेब’ कंपनीचे बहात्तर उपग्रह वर नेले. गावाला रस्ता हवाच असतो. पण रस्ता कोठून जावा हे ग्रामसभेत ठरावे, एवढीच अपेक्षा असते. आकाशाची ग्रामसभा अजून भरलेलीच नाही, ही माझी तक्रार आहे.

दुसरा आक्षेप अधिक झोंबणारा आहे. शहरांच्या दिव्यांनी आकाशगंगा कधीच पुसून टाकली, मग उपग्रहांच्या नावाने ओरड कशाला? हे अतिक्रमण आपले स्वतःचे आहे, हे कबूल केलेच पाहिजे. पण ते हटवणेही आपल्याच हाती आहे. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला अंधाऱ्या आकाशाचे राखीव उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. असा मान मिळवणारे ते भारतातील पहिले उद्यान. आसपासच्या गावांतले दिवे खाली वळवता येतात, त्यांना झाकण घालता येते, हे तेथे दिसून आले.

आणि म्हणूनच हा विषय कला शाखेचा आहे. लाभ एकाचा आणि तोटा सर्वांचा, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. करारात जे लिहिले नाही त्याचा अर्थ काय लावायचा, हा राज्यशास्त्राचा प्रश्न आहे. मृगातील तीन ताऱ्यांना ‘तिकांडे’ म्हणणारी आणि त्यावरून रात्र किती उरली ते ओळखणारी माणसे आपल्या भाषेत होती. ते तारे दिसेनासे झाले तर तो शब्द शब्दकोशात किती दिवस जिवंत राहील, हा मराठीचा प्रश्न आहे. शास्त्रज्ञ आकडे देतील. पण त्या आकड्यांवरून न्याय मागण्याचे काम नागरिकाचे आहे, आणि नागरिक घडवण्यासाठीच आपल्या शाखा आहेत, असे आपण दर संमेलनात ऐकतो.

तेव्हा एक साधी सूचना करतो. दिवाळी ते होळी या काळात आकाश निरभ्र असते. दर महिन्याला अमावास्येच्या सुमारास एका संध्याकाळी महाविद्यालयाच्या मैदानावरचे दिवे तासभर बंद ठेवावेत. ज्यांना यायचे त्यांनी यावे. ग्रंथालयातून एक कोरी नोंदवही मिळावी आणि तीत तारीख, वेळ, दिशा, तेज आणि उपग्रह कोठे दिसेनासा झाला, एवढे लिहावे. प्राध्यापकांनी तपासू नये, गुण देऊ नयेत. दोन-तीन वर्षांनी येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या वहीवरून कळेल की चालत्या चांदण्या किती वाढल्या आणि स्थिर चांदण्या किती उरल्या. ज्या गायरानात कोणी पाऊल टाकत नाही, ते आधी कागदावरून आणि मग जमिनीवरून नाहीसे होते. आपल्या वाट्याच्या आकाशात निदान आपला वावर तरी असू द्या.