रूळ रुंद झाले, पण आमच्या चाळीस क्रेटला जागा राहिली नाही

बागेतली दुसरी तोडणी परवा झाली. सीताफळ पिकअपमध्ये भरताना बांधावरून लातूरकडं जाणारी गाडी धडधडत गेली. पोरगा म्हणला, "आप्पा, एवढी मोठी गाडी दारातून जाती अन् आपण डिझेल जाळत पुण्याला चाललोय." तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. आज पिकाचं सोडून रेल्वेचं लिहितो. पण शेवटी ते पिकाचंच आहे.

आमचं रान कुर्डुवाडी आणि बार्शीच्या मधे. माढा तालुक्याचा हा भाग म्हणजे एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला सीना आणि मधे माळ अन् काळी रानं. मुंबईकडून येणारा मोठा रूळ 1860 ला सोलापूरला पोचला, पण बार्शीची पेठ त्या रुळापासून पस्तीस किलोमीटर लांब राहिली. कापूस, तूर, ज्वारी, गळिताचं धान्य सगळं बैलगाडीनं स्टेशनापर्यंत आणायचं. पावसाळ्यात काळ्या रानातनं भरलेली गाडी काढणं म्हणजे काय असतं ते या पानावरच्या लोकांना सांगायला नको. त्या स्टेशनाचं नाव तेव्हा कुर्डुवाडी नव्हतंच, ते होतं 'बार्शी रोड'. म्हणजे बार्शीला जायचं तर इथं उतरा. गावाची ओळखच दुसऱ्या गावाच्या रस्त्यावरून होती.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही अडचण हेरली. आधी तो मोठ्या रेल्वेत नोकरीला होता. त्यानं अडीच फुटी रूळ टाकून 1897 ला बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू केली. त्याचं डोकं कुठं चाललं ते शेतकऱ्यानं आणि कृषीवाल्यांनी समजून घेण्यासारखं आहे. इंजिन असो की डबा, कुठल्याही एका आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असा त्यानं नियम केला. भार जास्त चाकांवर वाटला की रूळ हलका चालतो, भराव कमी लागतो, खर्च कमी येतो. आपण उसाची ट्रॉली ओल्या रानात घालतो आणि पुढं तीन वर्षं त्या पट्ट्यात पीक पिवळं बघतो, तेव्हा मला हा माणूस आठवतो. वजन किती यापेक्षा ते किती चाकांवर टेकलंय याला महत्त्व आहे, हे त्याला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

मग लाईन वाढत गेली. 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. मिरज ते लातूर सव्वातीनशे किलोमीटर, आणि त्याच्या मधे आमची कुर्डुवाडी. कंपनीचा कारखाना इथं, इंजिनांची दुरुस्ती इथं, रेल्वे कॉलनी इथं. 1954 ला सरकारनं कंपनी विकत घेतली तरी लोकांच्या तोंडी 'बार्शी लाईट'च राहिली. ती इतकी सावकाश चालायची की संथ माणसाला अजूनही आमच्याकडं बार्शी लाईट म्हणतात. येडशीजवळ रामलिंगच्या घाटात गाडी बालाघाट चढायला लागली की धापा टाकायची. आषाढीला टपावर माणसं असायची.

मी दहावीपर्यंत याच गाडीनं शाळेला गेलो. वडील तुरीची दोन पोती नाहीतर बोरांच्या चार पाट्या घेऊन बार्शीच्या बाजाराला जायचे. दोन पोती! गार्ड ओळखीचा, पळत येताना दिसलो तर झेंडी जरा उशिरा दाखवायचा. माल मोजून पावती मिळायची, संध्याकाळी पैसे घेऊन त्याच गाडीनं परत.

आता कुणी म्हणेल आप्पा जुन्या आठवणी काढून रडतोय. तसं नाही. ती लाईन जायलाच पाहिजे होती असं माझं मत आहे. लांबच्या मालाचे हाल मी बघितलेत. कुर्डुवाडीला छोट्या डब्यातला माल उतरायचा, हमालांच्या पाठीवरनं मोठ्या डब्यात जायचा. फळ असेल तर निम्मं तिथंच दबायचं. पोत्याला हूक लागायचा, सांडायचं, भिजायचं. हमालांची शेकडो घरं त्या अदलाबदलीवर जगली हेही खरं, अन् मिरजेपासून लातूरपर्यंत रूळ रुंद झाल्यावर गावाची ती कमाई बसली. स्टेशनाबाहेरच्या खाणावळी, चहाच्या गाड्या, धर्मशाळा, सगळ्यांवर परिणाम झाला. पण शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर माल एकदा भरला की थेट मुंबई, थेट दिल्ली, ही सोय व्हायला पाहिजे होती. धाराशिव शहराला जुन्या लाईननं वगळलं होतं, ते रुंद लाईनवर आलं. चांगलं झालं.

आणि रुंद रुळानं काय होऊ शकतं ते आपण एप्रिल 2016 ला बघितलं. मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला गेली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर पाणी, नंतर 50 वाघिणींची गाडी. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत ती आमच्या रानाशेजारूनच गेली. आमची विहीर तेव्हा कोरडी होती, ते एक असो. सांगायचा मुद्दा असा की सरकारनं मनात आणलं तर त्या लाईनवरून जवळपास साडेतीनशे किलोमीटर पाणीसुद्धा जातं.

मग माझी सीताफळं का जात नाहीत?

कारण रेल्वेला आता पूर्ण गाडी पाहिजे. धान्याची एक मालगाडी म्हणजे अडीच हजार टनांच्या वर. खत कारखाना, साखर कारखाना, सिमेंटवाला ती भरू शकतो. माझ्याकडं 40 क्रेट आहेत. वडलांच्या दोन पोत्यांना त्या गचाळ, धापा टाकणाऱ्या गाडीत जागा होती, माझ्या 40 क्रेटला या चकाचक लाईनवर नाही. रूळ रुंद करताना शेतकरी किती लहान आहे हे कुणी मोजलंच नाही, हे माझं म्हणणं आहे.

मधे दोन वर्षं फरक पडला होता. 2020 च्या ऑगस्टात देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली. त्याच वर्षी 28 डिसेंबरला शंभरावी सुटली ती आपल्या सांगोल्याहून, पार पश्चिम बंगालमधल्या शालीमारला. सांगोला म्हणजे जुन्या बार्शी लाईटचंच स्टेशन बरं का. फळं-भाजीला भाड्यात 50 टक्के अनुदान होतं, आणि मला त्याहून मोठी वाटली ती गोष्ट म्हणजे किमान मालाची अटच नव्हती. पाच क्रेट न्या, पन्नास न्या. 2021 च्या हंगामात ओळखीच्या डाळिंबवाल्या गटाबरोबर मी माझे 40 क्रेट दिल्लीला घातले. भाडं ट्रकच्या निम्म्याहून कमी पडलं आणि फळ न दबता पोचलं.

पुढं अनुदान थांबलं तशा गाड्याही रोडावल्या. 2022 ला परत ट्रक. वाटेत एक दिवस गाडी बिघडून उभी राहिली. सीताफळ झाडावरनं उतरलं की तीन-चार दिवसांचा खेळ असतो. निम्मा माल काळा पडला, उरलेल्यात व्यापाऱ्यानं तोड धरली. वर्षाचं खत-औषधही निघालं नाही. मुलीचं कॉलेज त्या साली उसनवारीवर झालं.

काहीजण म्हणतात अनुदानावर चालणारी गाडी कधीतरी थांबणारच होती. मान्य. मग अनुदान नको, पण डबा तरी द्या. पार्सलच्या एका मोठ्या डब्यात 23 टन माल बसतो. माझ्यासारखे 30 जण एकत्र आले तर तो भरतो. पूर्ण गाडी कशाला, जाणाऱ्या गाडीला हंगामात आठवड्यातनं दोनदा एक डबा जोडा, कुर्डुवाडीला सावलीची शेड द्या, अन् भरायला दोन तास द्या. एवढंच मागणं आहे.

चूक आपलीही आहे. शेतकरी कंपन्या गावोगाव निघाल्या, त्यातल्या बऱ्याच खत-बियाणं विकण्यापलीकडं गेल्या नाहीत. प्रत्येकजण स्वतःचा पिकअप वेगळा लावतो, दहा क्रेट असले तरी. मीही लावतो. रेल्वेच्या साहेबानं उद्या विचारलं की बुधवारी किती टन देणार, तर आज आपल्यातला एकजणही आकडा सांगू शकत नाही.

म्हणून आकडा गोळा करायला सुरुवात केलीय. आत्तापर्यंत 14 जणांनी मिळून साडेनऊ टन सांगितलेत, सीताफळ आणि पेरू धरून. माढा, बार्शी, करमाळा भागातल्यांनी आपलं पीक, तोडणीचा आठवडा आणि क्रेट किती एवढं खाली लिहा. अंदाज फुगवून लिहू नका, पहिल्याच खेपेला डबा रिकामा गेला तर दुसऱ्यांदा दारात उभं करणार नाहीत. पुढच्या सोमवारी सकाळी दहाला पार्सल ऑफिसला जायचं आहे. येणाऱ्यांनी सातबारा आणि नमुन्याचा एक भरलेला क्रेट बरोबर घ्या.