विश्लेषण : भिंत, कागद आणि आता स्क्रीन... माध्यम बदलताना वारली चित्र कुणाच्या हातात राहते?

फोनवर चित्र काढायचे कुठलेही ॲप उघडा आणि 'वारली' असे शोधा. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक गोल, काडीसारखे हातपाय, अशा तयार आकृत्यांचे संच समोर येतात. बोटाने ओढायच्या, हव्या तितक्या चिकटवायच्या. तारपा नाच पाच मिनिटांत तयार. यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या आहेत. एक, कला जगभर पोहोचली. दुसरी, कलेचे वाटोळे झाले. पण वारली चित्र काही पहिल्यांदाच माध्यम बदलत नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी ते भिंतीवरून कागदावर आले. तेव्हा काय मिळाले आणि काय सुटले, याचा हिशेब आधी मांडायला हवा.

भिंतीवर चित्र कोण काढत असे?

आजच्या पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर हे चित्र लग्नाचा भाग आहे. कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, वर गेरूचा हात द्यायचा आणि तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून चौक काढायचा. चौकात पालघट देवी. चौकाशिवाय लग्न लागत नाही. तो काढायचा मान सवासिनींचा आणि लग्नाची गाणी म्हणत विधी चालवणारी धवलेरीही स्त्रीच.

हे चित्र पाहुण्यांनी बघून वाहवा करावी म्हणून काढलेले नसते. घरातल्या अंधाऱ्या भागात ते असते, चुलीच्या धुराने काळवंडते आणि पुढच्या सारवणात जाते. खाली कुणाची सही नसते. टिकत नाही, ही त्यातली उणीव नव्हती. पुढच्या लग्नात नवे निघणारच होते.

मग कागद आला कुठून?

ही गोष्ट सुरू होते बिहारमध्ये. १९६६-६७ च्या दुष्काळात मिथिलेतल्या बायकांच्या हाताला काम मिळावे, म्हणून पुपुल जयकर यांनी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तिकडे पाठवले. घराच्या भिंतीवर काढता तेच कागदावर काढा, विकले जाईल, असा साधा प्रस्ताव होता. बायकांनी कागद घेतला. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावे पुढे देशभर गेली. १९७५ मध्ये जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तेच कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर पोहोचले. इथे मात्र कागद गेला एका पुरुषाच्या हातात. गंजाडचे जिव्या सोमा मशे. लग्नाचे निमित्त नसतानाही रोज चित्र काढणारा हा माणूस. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले आणि धुळीत आकृत्या काढून आपले म्हणणे सांगू लागले, असे त्यांच्याबद्दल सांगतात. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसचे गाजलेले प्रदर्शन, २००३ मध्ये जर्मनीत ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग यांच्यासोबत प्रदर्शन, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

कागदाने चित्रात काय बदलले?

बरेच काही. भिंत उभी असते, हात खांद्यापासून फिरवावा लागतो. कागद मांडीवर घेता येतो, फिरवता येतो, काम मनगटावर आणि बोटांवर येते. खडबडीत भिंतीला धरून बसणारे तांदळाचे पीठ गुंडाळी होणाऱ्या कागदावरून झडते, म्हणून पांढरा पोस्टर रंग आला. मशे यांनी तर कापडालाच शेणाचा हात देऊन त्यावर रंगवले. म्हणजे नवे माध्यम घेतले, पण जुनी भिंत त्याच्यावर चढवून घेतली. नवे साधन हाती आले की आपण एक तर त्याला शरण जातो, नाही तर त्याच्याकडून जुनेच काम करून घेतो. मशे यांनी यातले काहीच केले नाही.

त्यांचे मासेमारीचे जाळे पाहा. चित्रभर पसरलेले जाळे, बारीक रेघांच्या असंख्य फटकाऱ्यांनी विणलेले. थोडे लांबून पाहिले तर ते हलते आहे असे वाटते. लग्नाच्या धामधुमीत, बांबूच्या काडीने, मिणमिणत्या उजेडात असे जाळे निघणे कठीण होते. कागदावर चौकाची सक्ती नव्हती आणि वेळेचे बंधनही नव्हते. काठावरचे जंगल, शेत, नाच, मासे चित्राच्या मध्यभागी आले. कागदाने कला बिघडवली असे म्हणणाऱ्यांनी हे जाळे समोर ठेवून पुन्हा बोलावे.

मग सुटले काय?

सवासिनी. माणूस तोच, कागदही तसाच. मिथिलेत चित्रकार म्हणून बायका पुढे आल्या, डहाणूत त्या मागे राहिल्या. यात मशे यांचा दोष नाही. त्यांनी कुणाची जागा हिसकावली नाही, नवी जागा तयार केली. पण त्या जागेला विधीचा मान नव्हता, बाजार होता. मुंबईला जाणे, व्यापाऱ्याशी भाव ठरवणे, चार दिवस घर सोडणे हे त्या काळी कुणाला जमणार होते, हे वेगळे सांगायला नको. आज वारली मुली आणि बायकाही कागदावर रंगवतात. तरी वारली चित्रकाराचे नाव सांगा म्हटले, तर बहुतेकांच्या तोंडी पुरुषाचेच नाव येते.

आता स्क्रीनवर वेगळे काय घडते आहे?

वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेघ. संगणकाला याहून सोपे चित्र क्वचितच मिळेल. मोजके बिंदू साठवले की आकृती कितीही मोठी करा, फाटत नाही, फाइलही चिमुकली. जो साधेपणा वारली चित्राचे बळ, त्याच साधेपणामुळे ते उचलायलाही सर्वांत सोपे. खरे-खोटे ओळखायची एक खूण आहे. हाताने काढलेल्या तारपा नाचात कुठलेही दोन नर्तक सारखे नसतात. चिकटवलेल्या नाचात सगळे एकाच साच्याचे.

कायदा किती वाचवतो? वारली चित्राला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने 'वारली चित्र' या नावाला आणि त्याच्या मूळ ठिकाणाला संरक्षण मिळते, शैलीला नाही. मगावर तीच आकृती छापून खाली नुसते 'आदिवासी कला' लिहिले, तर मानांकनाचा फारसा उपयोग उरत नाही. स्वामित्व हक्क असतो तो विशिष्ट चित्राला, चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर निघालेल्या आकृतीला लेखकच नाही, मग हक्क कुणाचा?

त्यामुळे स्क्रीनला नावे ठेवून काही साधणार नाही. फरक दुसरीकडे आहे. सत्तरच्या दशकात कुणीतरी कागद घेऊन पाड्यावर गेले होते. नव्या माध्यमाचे काय करायचे, हे पाड्यावरच्या माणसाने ठरवले. स्क्रीनच्या वेळी कुणी पाड्यावर गेलेच नाही. आकृती तेवढी उचलून शहरात आणली. प्रयोग झाला, पण ज्यांचे चित्र त्यांनी तो केला नाही.

हे उलटे फिरवणे अवघड नाही. आश्रमशाळांत संगणक देताना चित्र काढायचा टॅब आणि स्टायलस त्याच यादीत बसवता येईल. ॲपमधल्या प्रत्येक संचावर काढणाऱ्याचे नाव आणि गाव टाकता येईल, दर वापरामागे पैसे थेट खात्यात जातील अशी सोय तर आज किरकोळ आहे. आणि या वेळी सुरुवात सवासिनींपासून व्हावी. एकदा त्यांना वगळून झाले आहे.

लग्नसराईत पाड्यांवर चौक आजही तांदळाच्या पिठाने निघतो. तो काढणाऱ्या बाईच्या हातात स्टायलस दिला, तर ती त्यावर काय काढेल हे आधी सांगता येणार नाही. कदाचित चौक काढायला ती साफ नकार देईल आणि स्वतःच्या मनातले भलतेच काही काढेल. कागद हातात देताना कुलकर्णींना तरी जाळे कुठे दिसले होते?