गाडी आपली, चावी कुणाची?

श्रावणातला सोमवार होता. भीमाशंकरला नेहमीसारखीच गर्दी आणि वरून धो धो पाऊस. दर्शन घेऊन पायऱ्या चढून वर आलो, गाडीपाशी उभा राहिलो, खिशात हात घातला, तर चावी नाही. पुन्हा पायऱ्या उतरलो, चढलो, प्रसादाच्या दुकानांत विचारले, चिखलात छत्रीच्या टोकाने उकरून पाहिले. चावी गेली ती गेलीच.

एक चावी हरवली तर दुसरी असते, असे कुणीही म्हणेल. माझ्याकडे दुसरी नव्हती. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका सद्‌गृहस्थांकडून ही दहा वर्षे वापरलेली गाडी घेतली, तेव्हा त्यांनी एकच चावी हातावर ठेवली होती. ‘दुसरी घरात कुठे तरी आहे, सापडली की कळवतो,’ असे ते म्हणाले आणि मीही ‘असू द्या हो’ म्हणून मोकळा झालो. जन्मभर मुलांना ‘हिशेब पडताळून पाहा’ म्हणून शिकवणाऱ्या मास्तराने स्वतःच्या व्यवहारात तो पडताळला नव्हता.

ती रात्र गाडी वरच राहिली. आम्ही नवराबायको एसटीने घोडेगावला उतरलो. दुसऱ्या दिवशी मंचरहून एका चावीवाल्याला घेऊन वर गेलो. माणूस हुशार. दहा मिनिटांत त्याने दार उघडले, तासाभरात कुलूप बघून चावी घासली. चावी फिरली, स्टिअरिंग सुटले, इंजिन सुरू झाले आणि दोन सेकंदांत बंद पडले. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. समोरच्या काट्यांच्या पट्टीवर चावीचे चित्र असलेला एक छोटा दिवा मात्र लुकलुकत होता. चावीवाला हात पुसत म्हणाला, ‘गुरुजी, लोखंडाचे काम माझे, ते झाले. पण हिच्या आत जी अक्कल आहे ती कंपनीची. ती माझ्याकडे नाही.’ शेवटी एका पिकअपला दोर बांधून, टोचन करून, घाट उतरून, डिंभ्यावरून गाडी मंचरला आणली.

या अनुभवावर लिहावेसे वाटले, ते माझे हाल सांगण्यासाठी नव्हे. आपल्या जुन्नर-आंबेगावात आज गावोगावी जुन्या गाड्या आल्या आहेत. टोमॅटोचे दोन पैसे झाले, ऊस बरा गेला, मुलाला नोकरी लागली, की पुण्यातली वापरलेली गाडी घरी येते. नवी परवडत नाही, जुनी बरी चालते. पण या व्यवहारात विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जे यायला हवे ते सगळे येतेच असे नाही, आणि जे येत नाही त्याचे नाव कुठल्या कागदावर नसते. ते म्हणजे चावीचा कोड.

पूर्वी ही भानगड नव्हती. आमच्या भागात वडापच्या जीपगाड्या धावायच्या, तेव्हा एकाची चावी दुसऱ्याच्या गाडीला लागल्याचे किस्से होते. चावी नसली तर ड्रायव्हर पट्टीखालच्या दोन तारा जोडून गाडी सुरू करीत असे. सोय मोठी होती, पण ती चोरालाही तेवढीच होती. म्हणून युरोपात १९९०नंतर गाड्यांत नवी युक्ती बसवण्यात आली. चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. कुलपाभोवती तांब्याच्या तारेचे एक वेटोळे असते. चावी फिरवली की त्या वेटोळ्यातून चिपेला वीज मिळते आणि ती आपला गुप्त आकडा सांगते. इंजिन चालवणारा जो छोटा संगणक असतो, ज्याला गॅरेजवाले ईसीएम म्हणतात, तो हा आकडा आपल्या यादीशी ताडून पाहतो. जुळला तर इंजिन चालू राहते, नाही तर बंद पडते. माझी नवी चावी दाताला दात जुळणारी होती, पण तिच्या पोटात ओळखीचा आकडा नव्हता.

म्हणजे आता गाडीच्या चावीला दोन कोड असतात. पहिला दातांचा. नव्या गाडीच्या चाव्यांबरोबर बहुधा एक छोटी धातूची पट्टी येते, तिच्यावर तो कोरलेला असतो. त्यावरून कुलूप न उघडता तशीच चावी कापता येते. दुसरा गुप्त कोड. नव्या चिपेची ओळख ईसीएमला करून द्यायची, तर पुष्कळ गाड्यांत आधी हा कोड यंत्रात घालावा लागतो. काही कंपन्या तो कार्डावर छापून पहिल्या मालकाला देतात, काही स्वतःकडेच ठेवतात आणि चासीस नंबरावरून आपल्या अधिकृत वर्कशॉपला कळवतात. कार्ड हरवले, की सगळी भिस्त कंपनीवर.

ही युक्ती वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९८पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. नेदरलँड्समधल्या दोन अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासून दाखवले, की या एका बदलामुळे तिथल्या गाडीचोऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. उलट उदाहरण अमेरिकेचे. तिथे दोन कोरियन कंपन्यांच्या लक्षावधी मोटारींत ही चिप बसवलेलीच नव्हती. २०२१नंतर पोरासोरांनी मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून, चार्जिंगच्या वायरीचे टोक वापरून त्या गाड्या पळवायचा सपाटा लावला. तेव्हा कुलूप हवेच. प्रश्न कुलपाचा नाही. मालक बदलल्यावर त्या कुलपावरचा अधिकार कुणाकडे राहतो, हा आहे.

मंचरहून मी पुण्याच्या एका अधिकृत वर्कशॉपमध्ये गेलो. पहिला प्रश्न आला, ‘कोड कार्ड आहे का?’ नव्हते. दुसरा प्रश्न, ‘गाडी कुणाच्या नावावर?’ आरसी माझ्या नावावर होती, रीतसर. पण कंपनीच्या संगणकात अजून पहिलेच मालक नांदत होते. मग त्यांचे पत्र आणा म्हणाले. ते गृहस्थ आता परराज्यात. शेवटी आरसीची प्रत, आधारची प्रत, पोलिसांत दिलेली चावी हरवल्याची खबर आणि अर्ज एवढ्यावर भागले, पण त्यात सोळा दिवस गेले. तेवढ्या दिवसांत मुलाचे टोमॅटोचे तोडे चालू होते, पत्नीची डोळ्यांची तपासणी राहिली आणि नारायणगाव-पुणे अशा पाऊणशे किलोमीटरच्या खेपा मी एसटीने केल्या. मी निवृत्त माणूस, मला वेळ होता. ज्याचे पोट त्या गाडीवर आहे त्याचे काय? आणि ज्या तालुक्यांत उसाच्या कडेला रात्री गाडी बंद पडली तर माणूस आधी बिबट्याची चाहूल घेतो, तिथे गाडी सुरू न होणे ही नुसती गैरसोय नसते.

वर्कशॉपमधल्या मुलावर मी चिडलो नाही. मी चोर नाही हे त्याला काय ठाऊक? उद्या कुणीही उठून चासीस नंबर सांगेल आणि कोड मागेल, तर तो देता कामा नये हे मलाही पटते. पण चोराला अडवण्यासाठी घातलेला अडसर मालकाच्याच दारात पडावा आणि मालकाने आपण मालक असल्याचे पुरावे गोळा करीत फिरावे, याला आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. शिवाय मी मालक आहे हे सरकारला मान्य होते. आरटीओने तसे लिहून दिले होते. मान्य नव्हते ते फक्त कंपनीच्या संगणकाला.

आता कायद्याकडे पाहा. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याच्या कलम ५०प्रमाणे गाडी विकली की विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. त्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. फॉर्म २९मध्ये विकणारा लिहून देतो, की आरसी आणि विम्याचे कागद खरेदीदाराच्या स्वाधीन केले. चावीबद्दल तिथे अक्षर नाही. ज्या काळात चावी म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा होता, त्या काळाच्या समजुतीने तो फॉर्म केलेला आहे. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी नवे नियम काढले, ते १ एप्रिल २०२३पासून लागू झाले. गाडी व्यापाऱ्याच्या ताब्यात असताना जबाबदारी कुणाची, हे त्यांनी बरेच स्पष्ट केले. पाऊल चांगले, पण हत्ती गेला आणि शेपूट राहिले, तशी चावी राहूनच गेली.

दुसरी बाजू पैशाची. कोड आणि तो घालायचे यंत्र फक्त कंपनीच्या वर्कशॉपकडे असेल, तर मंचरचा चावीवाला आणि आळेफाट्याचा मेस्त्री कितीही हुशार असोत, त्यांचे हात बांधलेले. मग कंपनी सांगेल तो भाव आणि सांगेल तो दिवस. हे गाऱ्हाणे माझ्या एकट्याचे नाही. २०११मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड सुनावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रे स्वतंत्र गॅरेजना उपलब्ध करून द्या, असेही बजावले. २०१६मध्ये अपिलात काही कंपन्यांचा दंड उतरला, पण चूक झाली हा निष्कर्ष कायम राहिला. पुढे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या विषयांत मोटारी होत्या आणि शेतीची अवजारेही. त्याच डिसेंबरात त्यासाठी सरकारी पोर्टल सुरू झाले. माझ्या चावीच्या वाटेत मात्र त्यातले काही आडवे आले नाही आणि उभेही राहिले नाही.

‘कोड सगळ्यांना खुला केला तर चोरांचे फावेल,’ असे कंपन्या म्हणतील. म्हणणे खोटे नाही. पण सगळ्यांना खुला करा असे कोण म्हणते? अमेरिकेत चावीच्या कारागिरांची नोंदणी होते, त्यांची पार्श्वभूमी तपासली जाते, आणि नोंदणी झालेल्या कारागिराला गाडीमालकाची ओळख व मालकी तपासून कोड मिळवता येतो. कुणी, कुठल्या गाडीसाठी, कधी घेतला याची नोंद राहते. युरोपीय संघानेही चोरीशी संबंध असलेली माहिती पारखून मान्यता दिलेल्या स्वतंत्र कारागिरांना देण्याची व्यवस्था केली आहे. आपल्याकडे तर आरसी, आधार आणि मालकाचा मोबाइल नंबर हे सगळे आधीच सरकारी संगणकात आहे. मालकाच्या मोबाइलवर आलेला आकडा सांगितल्याशिवाय कोड द्यायचा नाही, एवढे केले तरी पुरे.

नाणेघाटात दगडी रांजण आहे. जुन्नरच्या बाजारपेठेकडे येणारे व्यापारी त्यात जकात टाकीत, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. जकात द्यायला कुणाची ना नसते. पण ती दिली की वाट मोकळी व्हावी लागते. गाडीची किंमत दिली, कर भरला, हस्तांतराची फी भरली, तरी वाट अडलेली, हे कसे?

माझे मागणे तीन ओळींचे आहे. हस्तांतराच्या फॉर्मवर ‘चाव्या किती दिल्या, कोडची पट्टी व कार्ड दिले की नाही’ असा एक रकाना घाला. आरटीओत नाव बदलले, की कंपनीच्या नोंदीतही ते आपोआप बदलले पाहिजे. आणि नव्या मालकाला ठरलेल्या दरात, ठरलेल्या मुदतीत कोड मिळाला पाहिजे, त्याच्या तालुक्यातल्या नोंदणीकृत कारागिराकडूनही.

तोवर गाडी घेणाऱ्याने स्वतः शहाणे व्हावे. दोन्ही चाव्या मागाव्यात आणि दोन्हींनी इंजिन सुरू करून पाहावे. पट्टी आणि कार्ड मागावे; नसेल तर व्यवहाराच्या कागदावर तसे लिहून घ्यावे. एकच चावी मिळाली तर ती हरवायची वाट न पाहता लगेच दुसरी करून घ्यावी. चालू चावी हाती असताना हे काम पुष्कळच सोपे असते. त्याच वेळी जुन्या चाव्या यादीतून काढून टाकायला सांगावे, म्हणजे बाहेर राहिलेल्या चावीने दार उघडले तरी इंजिन चालणार नाही. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या बहुधा दोन्ही चाव्या मागतात, हेही ध्यानात असावे. अडवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

गाडी सुरू झाल्यानंतर आठवड्याने पहिल्या मालकांचा फोन आला. पुण्याला आले असता कपाट आवरताना दुसरी चावी, धातूची पट्टी आणि कार्ड एका पाकिटात सापडले होते. बिचाऱ्यांना फार वाईट वाटले. ‘हे तुम्हाला द्यायचे असते, हे मला कुणी सांगितलेच नाही हो,’ असे ते म्हणाले. ते खरेच होते. मलाही ते मागायचे असते, हे कुणी सांगितले नव्हते. पाकीट आले. मी ते आरसीबरोबर ट्रंकेत ठेवले आहे आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिले आहे : गाडी विकताना हे द्यायचे.