विश्लेषण : फवारणी पंपाची बॅटरी वर्षभरातच का बसते? चार्जर कसा निवडावा?

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत पावसाळा सुरू झाला, की वाऱ्याने फांद्या तारांवर पडतात आणि डोंगरकडेच्या वाड्यांवर वीज तासन्‌तास जाते. भाटघर, पानशेत, वरसगाव या धरणांच्या पायथ्याशी वीजनिर्मिती होते, पण धरणांच्या वरच्या अंगाला असलेल्या वस्त्यांना पावसाळ्यात अंधाराची सवय करून घ्यावी लागते. अशा वेळी १२ व्होल्टची एक छोटी बंद बॅटरी अनेक कामे सांभाळते. पाठीवरचा फवारणी पंप, रानडुकरांपासून भात वाचवणारे झटका मशीन, ग्रामपंचायतीतील संगणकाचा यूपीएस, घरातला इमर्जन्सी दिवा ही सगळी तिच्यावर चालतात. ती बसली की ‘बॅटरीच हलकी निघाली’ असे म्हणून नवी आणली जाते. पुष्कळदा खरा दोष भिंतीवरच्या सॉकेटमध्ये असतो. चार्जर चुकीचा असेल, तर नवी बॅटरीही त्याच वाटेने जाते.

बंद बॅटरी म्हणजे नेमके काय?

ही शिसे आणि आम्लाचीच बॅटरी असते. ट्रॅक्टरच्या किंवा घरच्या इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीत जे रसायन असते, तेच हिच्यातही असते. मात्र हिच्यातले आम्ल मोकळे नसते. ते काचतंतूंच्या पातळ गादीत शोषलेले किंवा जेलच्या रूपात असते. त्यामुळे ती आडवी झाली तरी सांडत नाही, म्हणूनच ती पाठीवरच्या पंपात बसवता येते. वर एक छोटी झडप असते. आतला वायूचा दाब फार वाढला, तरच ती उघडते.

या सोयीची एक किंमत आहे. मोठ्या बॅटरीतले पाणी कमी झाले, तर झाकण उघडून डिस्टिल्ड वॉटर घालता येते. बंद बॅटरीत तशी सोय नाही. जास्त चार्जिंगने एकदा पाणी उडाले, की ते परत भरता येत नाही. त्यामुळे साध्या बॅटरीने सहन केलेली चार्जरची चूक बंद बॅटरीला सहन होत नाही.

चार्जरमुळे बॅटरी खराब कशी होते?

दोन प्रकारे, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत. पहिला प्रकार अतिचार्जिंगचा. व्होल्ट जास्त असतील, तर आतल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात. थोडा वायू आतच पुन्हा पाणी बनतो. प्रमाण वाढले की तो झडपेतून बाहेर जातो, बॅटरी गरम होते, सुकते आणि फुगते.

दुसरा प्रकार अर्धवट चार्जिंगचा. बॅटरी वापरली जाते तेव्हा तिच्या प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते. पूर्ण चार्ज केल्यावर ते विरघळते. बॅटरी दिवसेंदिवस अर्धी रिकामी राहिली, तर त्याचे खडे घट्ट होतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. मग चार्जरचा हिरवा दिवा लवकर लागतो, पण दोन टाक्या फवारल्या की पंपाचा दाब उतरतो. फवारणी संपली म्हणून रिकामी बॅटरी पंपासकट माळ्यावर टाकून देणाऱ्यांना पुढच्या हंगामात येणारा अनुभव हाच असतो.

बॅटरीवर छापलेले आकडे काय सांगतात?

चार्जर निवडण्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी माहिती बॅटरीच्या अंगावरच छापलेली असते. ‘१२ व्होल्ट ७ एएच’ ही तिची ओळख. एएच म्हणजे अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी तीन ओळी असतात. ‘सायकल यूज’समोर साधारण १४.४ ते १५ व्होल्ट, ‘स्टँडबाय यूज’समोर १३.५ ते १३.८ व्होल्ट आणि सुरुवातीचा जास्तीत जास्त करंट. ७ एएचच्या बॅटरीवर हा करंट बहुधा २.१ अँपिअर असतो. कंपनीनुसार आकडे थोडे बदलतात, म्हणून आपल्या बॅटरीवरचाच आकडा प्रमाण मानावा.

इमर्जन्सी दिव्यातली बॅटरी ६ व्होल्टची असेल, तर व्होल्टचे हे आकडे निम्मे होतात. १२ व्होल्टचा चार्जर तिला लावणे म्हणजे ती जाळणेच.

पंपाला एक चार्जर आणि यूपीएसला दुसरा, असे का?

‘सायकल’ आणि ‘स्टँडबाय’ या दोन शब्दांत याचे उत्तर आहे. फवारणी पंपाची बॅटरी दिवसभर वापरून रिकामी होते आणि रात्री चार्जिंगला लागते. हा सायकल वापर. तिला लवकर आणि पूर्ण भरण्यासाठी १४.४ व्होल्टच्या वर जावे लागते, पण भरल्यावर तो दाब काढून घ्यावा लागतो. यूपीएसची बॅटरी वर्षभर चार्जरला जोडलेलीच असते आणि वीज गेली तरच वापरली जाते. तिला १३.५ ते १३.८ व्होल्टच पुरतात.

यांची अदलाबदल झाली, की दोन्हीकडे नुकसान होते. पंपाचा जास्त व्होल्टचा साधा चार्जर यूपीएसच्या बॅटरीला कायमचा लावून ठेवला, तर ती सुकते. यूपीएसच्या हलक्या व्होल्टवर पंपाची बॅटरी लावली, तर एका रात्रीत ती भरतच नाही.

यावर तोडगा म्हणजे तीन टप्प्यांचा चार्जर. टाकी रिकामी असताना नळ पूर्ण सोडायचा, भरत आली की बारीक करायचा आणि भरल्यावर फक्त आटेल तेवढे थेंब सोडायचे, तसेच हा चार्जर करतो. आधी ठरावीक करंट, मग ठरावीक व्होल्टवर कमी होत जाणारा करंट आणि शेवटी १३.५ ते १३.८ वर उतरणे. नवा चार्जर घेताना तो ‘तीन टप्प्यांचा आहे का’ आणि ‘शेवटी किती व्होल्टवर थांबतो’ हे दोन प्रश्न दुकानात विचारावेत.

घरच्या इन्व्हर्टरबाबतही असाच धोका आहे. अनेक इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडण्याचे बटण असते. बंद बॅटरी जोडून ते बटण ट्यूब्युलरवर ठेवले, तर बॅटरीला रोज गरजेपेक्षा जास्त व्होल्ट मिळतात.

किती अँपिअरचा चार्जर घ्यावा?

ढोबळ नियम सोपा आहे. बॅटरीच्या एएचचा दहावा भाग ते पाचवा भाग हा करंट योग्य. ७ किंवा ८ एएचला पाऊण ते दीड अँपिअर, १२ एएचला सव्वा ते सव्वादोन अँपिअरच्या आसपास. बॅटरीवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. गॅरेजमधला गाडीच्या बॅटरीचा १० अँपिअरचा चार्जर ‘पटकन होईल’ म्हणून ७ एएचच्या बॅटरीला लावणे ही सर्वांत महागात पडणारी घाई ठरते.

वेळेचा हिशेबही यातूनच निघतो. ८ एएचची पूर्ण उतरलेली बॅटरी १ अँपिअरच्या चार्जरवर साधारण १० ते १२ तास घेते. शेवटचा पाचवा हिस्सा भरायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो. रात्री चार तास वीज मिळाली आणि सकाळी पंप घेऊन शेतात गेले, असे रोज झाले, तर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. वीज तुटक मिळणाऱ्या वाडीवर म्हणून मर्यादेत राहून जरा मोठा, म्हणजे दीड अँपिअरचा चार्जर सोयीचा पडतो. शिवाय आठवड्यातून एकदा तरी बॅटरी पूर्ण भरेपर्यंत जोडून ठेवावी.

वीजदाब कमी असेल तर?

लाइनच्या टोकाला असलेल्या घरांत संध्याकाळी दाब २३० वरून बराच खाली येतो. जुन्या पद्धतीच्या, वजनदार ट्रान्स्फॉर्मरच्या साध्या चार्जरमधून बाहेर पडणारे व्होल्ट त्याबरोबर खाली-वर होतात. संध्याकाळी बॅटरी भरत नाही, आणि मध्यरात्री दाब वाढला की तीच बॅटरी उकळते. हलक्या वजनाच्या एसएमपीएस चार्जरवर ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट’ असे लिहिलेले असते. दाब कमी-जास्त झाला, तरी तो बाहेर ठरलेलेच व्होल्ट देतो. भोर-वेल्ह्याच्या दुर्गम भागासाठी असाच चार्जर घेणे हिताचे.

उष्णताही मोजावी लागते. बॅटरीवरचे आकडे २५ अंश सेल्सिअससाठी असतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ४० अंशांना कायम जोडलेल्या बॅटरीला साधारण ०.३ व्होल्ट कमी हवे असतात. चांगल्या चार्जरमध्ये तापमानानुसार हे आपोआप होते. नसेल, तर बॅटरी निदान सावलीत आणि वारा लागेल अशा जागी ठेवावी. तापमान दर १० अंशांनी वाढले, की बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते.

झटका मशीनला सौर पॅनेल थेट जोडले तर?

१२ व्होल्टचे म्हणून विकले जाणारे पॅनेल उन्हात मोकळे असताना २१-२२ व्होल्टपर्यंत जाते. ते थेट बॅटरीला जोडले, तर बॅटरी भरल्यावरही चार्जिंग थांबत नाही. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच, आणि त्यावर ‘सील्ड’ हा प्रकार निवडलेला असावा.

पावसाळ्यात अडचण उलटी होते. तोरणा-राजगडाच्या परिसरात कित्येक दिवस ऊन पडत नाही आणि मशीन मात्र रात्रभर चालू असते. भात निसवायला लागले, की रानडुकरे येतात आणि नेमकी तेव्हाच बॅटरी उतरलेली असते. या काळात दोन बॅटऱ्या आलटून-पालटून घरी आणून विजेवर पूर्ण चार्ज कराव्यात. बॅटरी बसली म्हणून कुंपणात थेट घरची वीज सोडणे हा मात्र गुन्हा आहे. त्याने माणसांचे जीव जातात.

लिथियमच्या पंपाचा चार्जर चालेल का?

नाही. बाजारात आता लिथियम बॅटरीचे पंपही आले आहेत. दोन्हींवर ‘१२ व्होल्ट’ असते, पिनही एकसारखी असू शकते. पण लिथियमच्या तीन सेलचा चार्जर १२.६ व्होल्टवर थांबतो. त्यावर शिशाची बॅटरी अर्धवटच भरते. उलट, शिशाच्या बॅटरीचा १४.४ व्होल्टचा चार्जर अशा लिथियम बॅटरीला लावला आणि तिच्या संरक्षक सर्किटने साथ दिली नाही, तर आगीचा धोका असतो. घरात दोन्ही प्रकारचे पंप असतील, तर चार्जरवर रंगीत चिकटपट्टी लावून ते वेगळे ठेवावेत.

चार्जर ठीक आहे हे कसे ओळखावे?

साध्या मल्टिमीटरने. चार्जिंग पूर्ण होत आल्यावर, चार्जर जोडलेला असतानाच बॅटरीच्या टोकांवर मोजावे. १४.४ ते १४.७ च्या आसपास आकडा ठीक. १५ च्या वर जात असेल, तर तो चार्जर बाजूला काढावा. हिरवा दिवा लागल्यावर तासाभराने आकडा १३.८ च्या खाली उतरला नाही, तर चार्जर कायम जोडून ठेवण्यालायक नाही. फक्त हिरव्या दिव्यावर विसंबू नये. करंट कमी झाला, एवढेच तो सांगतो. काही स्वयंचलित चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय व्होल्टच देत नाहीत, त्यामुळे मोकळ्या पिनेवर शून्य दिसले म्हणून चार्जर बिघडला असे समजू नये.

चार्जर काढून रात्रभर ठेवलेली बॅटरी १२.८ किंवा जास्त दाखवत असेल, तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.८ म्हणजे रिकामी. हंगाम संपल्यावर बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी. न वापरताही ती हळूहळू उतरत असते.

चार्जिंग हवेशीर जागी करावे. चुलीजवळ, गवताच्या गंजीजवळ किंवा बंद पेटीत करू नये. बॅटरी फुगली किंवा हाताला चटका बसण्याइतकी तापली, तर चार्जिंग लगेच बंद करावे. अशी बॅटरी पुन्हा वापरू नये.

जबाबदारी फक्त शेतकऱ्याची का?

महाडीबीटी पोर्टलवरून राज्यात बॅटरीवरचे फवारणी पंप अनुदानावर दिले जातात. पंप हातात पडतो, पण चार्जर किती वेळ लावायचा, बिघडल्यावर कोणता घ्यायचा, हे सांगणारी मराठीतली एक ओळही अनेकदा सोबत नसते. पंपावरच व्होल्ट, करंट आणि चार्जिंगचा वेळ मराठीत छापणे अवघड नाही. कृषी सेवा केंद्रात आणि ग्रामपंचायतीत एक मल्टिमीटर ठेवून बॅटरी-चार्जर तपासून देणेही फार खर्चाचे काम नाही.

हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. वेळेआधी बसलेली प्रत्येक बॅटरी म्हणजे शिशाचा विषारी कचरा असतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार जुनी बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता गोळा करणाऱ्यांकडेच द्यायची असते, आणि ती परत घेऊन पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती ओढ्याकाठी फोडून शिसे काढले, तर ते भाटघर, नीरा-देवघर आणि गुंजवणीच्या पाण्यात उतरते. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानात परत द्यावी. आणि ती घेण्याआधी जुना चार्जर एकदा तपासावा, म्हणजे तीच खरेदी पुढच्या वर्षी पुन्हा करावी लागणार नाही.