प्रेक्षकांत पडलेल्या चेंडूचा धनी

तिकीट काढून क्रीडांगणात आलेल्या मनुष्याने नेमके काय विकत घेतलेले असते, हा प्रश्न एरवी कोणाच्या मनात येत नाही. परंतु मैदानातून उडालेला चेंडू एकाएकी त्याच्या ओंजळीत येतो आणि पाठोपाठ कोणी तरी तो परत मागण्यासाठी हात पुढे करतो, त्या क्षणी मालकी, रिवाज आणि माणुसकी या तिन्ही अंगांनी हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. निरनिराळ्या खेळांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत, आणि ती त्या त्या खेळाच्या प्रकृतीतून निघालेली आहेत, हे ध्यानात घेतल्यावाचून आपल्याकडील शिरस्त्याचा न्यायनिवाडा करणे उचित होणार नाही.

अमेरिकेत बेसबॉलचा चेंडू प्रेक्षकांत गेला की ज्याच्या हाती लागेल त्याचा, ही गोष्ट आज इतकी सर्वमान्य आहे की लहानथोर घरूनच हातमोजे घेऊन सामन्याला येतात. शंभर वर्षांपूर्वी मात्र तेथील संघांचे मालक बहुधा प्रत्येक चेंडू परत वसूल करीत असत. शिकागो कब्जचे मालक चार्ल्स वीघमन यांनी 1916 च्या सुमारास प्रेक्षकांना चेंडू ठेवून घेण्याची मुभा दिली होती, पण इतर मालक आपला हेका सोडीनात. 1921 साली न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर एका तरुणाने हाती आलेला चेंडू परत देण्याचे नाकारले, तेव्हा त्याला कचेरीत नेऊन अटकेचा धाक घालण्यात आला आणि मैदानाबाहेर काढण्यात आले. या अप्रतिष्ठेबद्दल त्याने फिर्याद गुदरली आणि न्यायालयाकडून त्याला 100 डॉलरांची भरपाई मिळाली. पुढे दोनएक वर्षांतच फिलाडेल्फियामध्ये 11 वर्षांच्या एका मुलाला असाच चेंडू ठेवून घेतल्यापायी एक रात्र अटकेत काढावी लागली, आणि न्यायाधीशांनी त्याची मुक्तता केली. मालकांची ही जबरदस्ती लोकांना रुचली नाही आणि तिचे दिवस भरले.

तथापि केवळ लोकमताने हा रिवाज रुजला असे मानणे अपुरे होईल. त्याच पोलो ग्राउंड्सवर ऑगस्ट 1920 मध्ये रे चॅपमन या खेळाडूच्या मस्तकावर चेंडू आदळून त्याचा मृत्यू झाला होता. मळलेला चेंडू संधिप्रकाशात नीट दिसत नाही, ही भीती त्या दुर्घटनेने सर्वांच्या मनात पक्की बसवली, आणि डागाळलेला चेंडू बाजूला टाकून स्वच्छ चेंडू खेळात आणण्याकडे पंचांचा कटाक्ष वाढला. ज्या खेळात एका सामन्यात कित्येक डझन चेंडू वापरून टाकले जातात, त्या खेळात प्रेक्षकाने एक चेंडू घरी नेल्याने कोणाचेच काही अडत नाही.

क्रिकेटची प्रकृती याच्या अगदी उलट आहे. येथे चेंडूचे झिजणे हाच खेळाचा एक भाग आहे: क्षेत्ररक्षक त्याची एक बाजू पँटीला घासघासून लकाकी राखतात आणि दुसरी खरबरीत होऊ देतात, त्या दोन बाजूंच्या विषमतेतून रिव्हर्स स्विंग जन्मास येतो, आणि कसोटीत नवा चेंडू मिळण्यासाठी 80 षटके थांबावे लागते. चेंडू हरवलाच, तर जुन्याइतकीच झीज झालेला दुसरा चेंडू द्यावा, असे नियम सांगतात, व त्यासाठी वापरलेल्या चेंडूंची एक पेटी सामनाधिकाऱ्यांपाशी तयार असते. परंतु पेटीतला चेंडू कितीही जवळचा असला, तरी गोलंदाजाने तासन्‌तास मशागत केलेला तो चेंडू नव्हे. म्हणून सामना चालू असताना आलेला चेंडू प्रेक्षकाने तत्काळ परत फेकावा, हा आपल्याकडील दंडक मला सर्वथा न्याय्य वाटतो. तो चेंडू खिशात घालणारा मनुष्य मंडळाची दोनचार हजारांची वस्तू नेतो हे गौण आहे. तो चालू खेळाचा एक अवयव उचलून नेतो, आणि ज्या खेळाच्या प्रेमाने तो तेथे आला त्याचीच हानी करतो.

आपल्या कायद्याचा कौलही याच दिशेने पडतो. भारतीय करार अधिनियम, 1872 मधील कलम 71 अन्वये दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. आणि कलम 168 अन्वये मालकाने इनाम जाहीर केले असेल, तर ते मागण्याचा हक्कही त्याला पोचतो. म्हणजे मालकाने वस्तूवरील हक्क सोडला आहे की नाही, ही खरी कसोटी आहे. बेसबॉलचा चेंडू रिवाजाने सोडून दिलेला असतो. खेळाडूने स्वखुशीने भिरकावलेली टोपी ही देणगी असते. परंतु घामाने निसटून गॅलरीत गेलेली बॅट ही त्या खेळाडूची हत्यारच असते, आणि ती अपघाताने आपल्या मांडीवर पडली एवढ्याने आपली होत नाही.

हक्क सोडला आहे असे ठरले, तरी तो कोणाकडे गेला हे ठरवणे किती बिकट असते, याचा दाखला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दाव्याने दिला आहे. 7 ऑक्टोबर 2001 रोजी बेसबॉलपटू बॅरी बाँड्स याने हंगामातील आपला 73 वा, म्हणजे विक्रमी, होमरन मारला आणि चेंडू एका गृहस्थाच्या मोज्यात शिरला. पण तो नीट मुठीत येण्यापूर्वीच जमावाने त्या गृहस्थाला खाली पाडून तुडवले. त्याच गर्दीत ढकलल्या गेलेल्या दुसऱ्या एका गृहस्थाला जमिनीवर सुटा पडलेला चेंडू दिसला. त्याने तो उचलून खिशात टाकला, आणि जवळच्या चित्रीकरण करणाऱ्या माणसाने आपल्याकडे कॅमेरा वळवीपर्यंत तो बाहेर काढला नाही. पुढे कज्जा न्यायालयात गेला. डिसेंबर 2002 मध्ये न्यायमूर्ती केव्हिन मॅकार्थी यांनी असा निर्णय दिला की पहिल्याचा कबजा पुरा झाला नव्हता हे खरे, पण तो पुरा करण्याची संधी जमावाच्या बेकायदा कृत्याने हिरावली गेली होती, आणि दुसऱ्याच्या हातून कोणताही अपराध घडला नव्हता. सबब चेंडू विकून रक्कम दोघांनी समसमान वाटून घ्यावी. 2003 साली त्याचे 450,000 डॉलर आले. मला या निवाड्यातले सर्वांत मोलाचे तत्त्व हे वाटते, की दांडगाईने कोणाचाही हक्क निर्माण होता कामा नये आणि कोणाचाही बुडता कामा नये.

कायद्याच्या पलीकडेही एक मर्यादा आहे. 2025 च्या ऑगस्टात न्यूयॉर्कच्या अमेरिकन ओपन स्पर्धेत एका पोलिश टेनिसपटूने सामन्यानंतर एका लहान मुलाला आपली टोपी देऊ केली, ती शेजारच्या प्रौढ गृहस्थाने हातोहात लांबवली आणि ते दृश्य जगभर पाहिले गेले. त्या गृहस्थाला अखेर जाहीर माफी मागावी लागली आणि खेळाडूने त्या मुलाला भेटून दुसरी टोपी दिली. याउलट 1961 साली बेसबॉलपटू रॉजर मॅरिसचा 61 वा होमरन झेलणाऱ्या एका तरुण ट्रकचालकाने तो चेंडू मॅरिसलाच देऊ केला होता, आणि मॅरिसने तो न घेता त्या चेंडूवर चार पैसे मिळव असे त्याला सांगितले. पुढे त्याला 5,000 डॉलर मिळाले. दोघांनीही एकमेकांचा हक्क आधी पाहिला, आणि म्हणूनच तकरारीला जागा उरली नाही.

आता आपल्या मंडळांना एक गोष्ट निःसंकोचपणे सांगितली पाहिजे. 2 एप्रिल 2011 रोजी वानखेडेवर धोनीने कुलसेकराच्या चेंडूवर मारलेला षटकार जेथे पडला, ती जागा मुंबई क्रिकेट असोसिएशनने शोधून काढून विश्वविजयाचे स्मारक म्हणून जतन केली आहे. म्हणजे प्रेक्षकांत पडलेल्या चेंडूशी इतिहास जोडलेला असतो, हे मंडळांनाही मान्य आहे. मग डाव संपल्यावर, जेव्हा त्या चेंडूची खेळातली गरज संपलेली असते, तेव्हा तो प्रेक्षकाला देण्यास हरकत कोणती? ट्वेंटी-20 सामन्यात प्रेक्षकाने झेल घेतला की त्याच्या आसनाचा क्रमांक टिपून ठेवावा, डाव संपताच तो चेंडू त्याला सन्मानाने द्यावा, आणि असे झेल अनेकांनी घेतले असतील तर चिठ्ठी टाकून निर्णय करावा. पाच बळी घेणाऱ्या गोलंदाजाला चेंडू मिळण्याचा जो जुना रिवाज आहे, तो अबाधित ठेवावा. त्या दिवशी प्रेक्षकाला सामन्यातील दुसरा एखादा चेंडू देता येईल.

अशा तजविजीला येणारा खर्च एका सामन्याच्या उत्पन्नापुढे नगण्य आहे, आणि ती एकदा अमलात आली की चेंडू दडवण्याचा मोह आपोआप कमी होईल, कारण प्रामाणिकपणे परत करणारा मनुष्य रिकाम्या हाताने घरी जाणार नाही. उन्हातान्हात रांगेत उभे राहून तिकीट घेणाऱ्या प्रेक्षकाकडून खेळाच्या गरजेचा मान राखण्याची अपेक्षा मंडळे करतात, ती त्यांनी अवश्य करावी. पण ती करण्याचा अधिकार त्यांना पुरतेपणी तेव्हाच प्राप्त होईल, जेव्हा खेळाची गरज संपल्यानंतर प्रेक्षकाचा मान राखण्याचे आपले कर्तव्यही ती नियमपुस्तिकेत लिहून ठेवतील.