कंडक्टर कुठला? एस.टी.चा?

ओरगडम म्हटलं की पुण्याच्या मित्रांना श्रीपेरुंबुदूरकडचे मोटारींचे कारखाने आठवतात. मी राहतो ते ओरगडम वेगळं, अंबत्तूरमधलं. गेल्या वर्षी इथल्या मराठी घरांनी मिळून बसवलेल्या गणपतीसमोर सात मुलांनी व्हायोलिन वाजवलं. त्यांत माझी मुलगी होती. त्यांचे तमिळ मास्तर समोर उभे राहून हाताने त्यांना सांभाळत होते. अर्ध्यावरच पहिल्या रांगेतून आवाज आला, "गाणं कधी सुरू होणार?" नंतर चहाच्या वेळी एका गृहस्थांनी विचारलं, "ते मास्तर नुसते हातवारे का करत होते हो?" म्हटलं, ते कंडक्टर आहेत. गृहस्थ हसले. "कंडक्टर? कुठले, एस.टी.चे?"

मीही हसलो. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

आपला संगीताचा अभिमान गळ्यापाशी सुरू होतो आणि गळ्यापाशीच संपतो. कोण कोणत्या घराण्याचा, कुणाची तान कशी, यावर आपण रात्र जागवू. पण पन्नास माणसांनी काय वाजवायचं ते प्रत्येकासाठी वेगळं कागदावर उतरवणारा, ते त्यांच्याकडून घोटून घेणारा, आणि उरलेल्या वेळात पोरांना शिकवणारा माणूस आपल्या हिशेबात नाही. 'ऑर्केस्ट्रा' म्हणजे मांडवातली सिनेमाची गाणी, आणि कंडक्टर म्हणजे तिकिटं देणारा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: हे आपल्या परंपरेतलं नाही. ते चूक आहे. इथून रेल्वेने एका रात्रीवर तंजावर आहे. तिथे 1798 ते 1832 या काळात राज्य करणारे दुसरे सरफोजी भोसले होते. त्यांच्या दरबारात युरोपीय धर्तीचा बँड होता, आणि त्या काळची पाश्चात्य पद्धतीची नोटेशनं सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. दोनशे वर्षांपूर्वी मराठी राजाच्या पदरी माणसं कागद समोर ठेवून एकत्र वाजवत होती. पुतळे उभारताना आपल्याला भोसले आठवतात, त्यांचा बँड आठवत नाही.

तंजावर लांबचं वाटत असेल तर गोवा घ्या. तिथे चर्चच्या शाळांत मुलांना स्वर वाचायला आणि व्हायोलिन धरायला लहानपणीच शिकवत. शिकवणाऱ्याला मेस्त म्हणत. माजोर्ड्याच्या अशाच घरातला, 1927 साली जन्मलेला एक मुलगा मुंबईत आला, सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवू लागला, संगीतरचना लिहू लागला, शिकवू लागला. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्याच्याकडे व्हायोलिन शिकले. आपले राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांना एकत्र नांदवायचं, हा त्याचा ध्यास. 1958 साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्याने स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभा केला, सोबत लता मंगेशकर आणि मन्ना डे. तो वाद्यवृंद टिकला नाही. 1965 साली तो अमेरिकेला गेला, पुढे परत येऊन माजोर्ड्यात शांतपणे राहिला. 2012 साली वारला.

त्याचं नाव अँथनी गोन्साल्विस. आता तुम्हीही हसलात ना? कारण तुम्हाला अंड्यातून बाहेर पडणारा अमिताभ दिसला. 1977 च्या त्या गाण्यात प्यारेलालनी गुरूचं नाव गुंफलं ते दक्षिणा म्हणून. आपण ते विनोद म्हणून घेतलं आणि चाळीसहून अधिक वर्षं लग्नाच्या वरातीत नाचतो आहोत. अशोक राणे यांनी या माणसावर माहितीपट केला, हा एका मराठी समीक्षकाने फेडलेला ऋणाचा हप्ता. बाकीच्यांचं खातं तसंच आहे.

तमिळ लोक फार थोर, असं मला म्हणायचं नाही. त्यांचंही प्रेम सिनेमातूनच आलेलं आहे, आणि आंधळंही असतं. पण 8 मार्च 2025 ला इळैयराजांची सिंफनी लंडनमध्ये वाजली, तेव्हा आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला मला अभिमानाने सांगत होता की, राजा सगळं स्वतःच्या हाताने लिहितात. त्यांना ही लिपी शिकवणाऱ्या धनराज मास्तरांचं नावही त्याच्या तोंडी होतं. इस्त्री करता करता! आपल्याकडे गोन्साल्विसना कुणी शिकवलं हे विचारणाराच नाही. (वडिलांनी. ते चर्चमध्ये गायकवृंद बसवत.)

आणि यात नुकसान गोन्साल्विसांचं नाही, ते गेले. नुकसान त्या सात मुलांचं आहे. गाण्याआधी वेळ काढायला आपल्याला उभं केलं होतं, एवढं त्यांना त्या संध्याकाळी कळलं. माझी मुलगी घरी येऊन म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी मी गाणंच म्हणते." तिचा आवाज बरा आहे. व्हायोलिन त्याहून पुष्कळ चांगलं आहे.

यंदाच्या कार्यक्रमाचा निरोप परवा आला: पाच मिनिटं देतो, पण सोबत एखादं गाणं ठेवा, लोकांना बरं वाटतं. मी कळवलं आहे की मुलं दहा मिनिटं वाजवतील, गाणं नसेल, आणि पत्रिकेत मास्तरांचं नाव सगळ्यांत वर छापावं लागेल. अजून उत्तर नाही.